वाचक विचारतात : ‘द क्लॅश’चा सर्वोत्तम अल्बम कोणता?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. माझा भाचा नेरूळला असतो. महिन्यातून एखाद्या रविवारी मी बहिणीकडे जेवायला जातो आणि ताटावर बसल्यापासून आम्हा मामा-भाच्यांचा एकच वाद सुरू होतो : ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक बँडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? माझ्या मते १९७७ चा पहिला अल्बम, ज्याला बँडचेच नाव आहे. भाच्याच्या मते १९७९ चा ‘लंडन कॉलिंग’. कॉलेजात असताना एका मित्राच्या थोरल्या भावाने अमेरिकेहून पहिल्या अल्बमची तबकडी आणली होती, तिच्यावरून मला साठ मिनिटांची कॅसेट भरून मिळाली. उरलेल्या जागेत मित्राच्या आईच्या आवडीचे एक नाट्यगीतही भरले गेले. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे आणि आतल्या कागदावर गाण्यांची नावे माझ्याच अक्षरात लिहिलेली आहेत. ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ आणि ‘कम्प्लीट कंट्रोल’ ही दोन गाणी ज्यात आहेत त्या अल्बमापुढे दुसरे काही टिकत नाही, असे मी मागच्या खेपेला म्हणालो, तर भाचा म्हणतो, ‘मामा, ती गाणी त्या अल्बमात नाहीतच.’ मी त्याला कॅसेट दाखवली, त्याने मला मोबाइल दाखवला. शिवाय पहिल्या अल्बमातले ड्रम्स कच्चे आहेत असेही त्याचे म्हणणे आहे, आणि मला तर ते ड्रम्सच सर्वांत जास्त आवडतात. बहीण म्हणते, आधी जेवून घ्या. आपण निवाडा करावा.
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : वस्तुस्थितीपुरते बोलायचे तर तुम्ही दोघेही खरे बोलत आहात, आणि त्याचा उलगडा तुमच्याच पत्रात आहे. तबकडी अमेरिकेहून आली होती, असे तुम्ही लिहिले आहे. ‘द क्लॅश’चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये एप्रिल १९७७ मध्ये निघाला, तेव्हा त्यात चौदा गाणी होती आणि सगळा मामला पस्तीस मिनिटांत आटोपत होता. बँडचा करार सीबीएस या कंपनीशी होता, पण तिच्या अमेरिकेतील शाखेला हे ध्वनिमुद्रण रेडिओवर वाजवण्याइतके सफाईदार वाटले नाही आणि तिने ते काढायचेच नाकारले. अमेरिकेतल्या शौकिनांनी मग ब्रिटिश तबकड्याच मागवायला सुरुवात केली, आणि त्यांची विक्री एक लाखाच्या वर गेल्यावर कंपनीचे डोळे उघडले. जुलै १९७९ मध्ये अमेरिकन आवृत्ती निघाली खरी, पण ती मूळ तबकडीची नक्कल नव्हती. ‘डिनाय’, ‘चीट’, ‘प्रोटेक्स ब्लू’ आणि ‘४८ अवर्स’ ही चार गाणी वगळली गेली आणि मधल्या दोन वर्षांत सुट्या तबकड्यांवर निघालेली पाच गाणी आत आली. तुमची दोन्ही लाडकी गाणी या पाचांतली आहेत. तुमच्या कॅसेटवर पंधरा गाणी असावीत आणि भाच्याच्या मोबाइलवर चौदा; पुढच्या रविवारी दोघांनी मोजून पाहावीत.

मात्र एवढ्यावर वाद मिटत नाही, उलट इथून पुढे तो तुमच्या अंगावर येतो. बाहेरून आलेल्या त्या पाच गाण्यांच्या तारखा पाहा. ‘कम्प्लीट कंट्रोल’ सप्टेंबर १९७७ चे आहे. कंपनीने बँडला न विचारता त्यांचे एक गाणे परस्पर बाजारात आणले, त्या रागातून ते जन्मले, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाला जमैकाचा प्रख्यात निर्माता ली पेरी बसला होता. ‘क्लॅश सिटी रॉकर्स’ आणि त्याच्या पाठीवरचे ‘जेल गिटार डोअर्स’ १९७८ च्या सुरुवातीचे, ‘व्हाइट मॅन’ जून १९७८ चे आणि ‘आय फॉट द लॉ’ तर थेट १९७९ चे. म्हणजे ‘पहिला अल्बम’ या नावाखाली तुम्ही जे इतकी वर्षे ऐकत आला आहात, त्याचा एक तृतीयांश भाग पहिल्या अल्बमाच्या वेळी अस्तित्वातच नव्हता.

ड्रम्सचेही तेच. मूळ चौदा गाण्यांवर टेरी चाइम्स वाजवतो, आणि तो बँड सोडून जाण्याच्या बेतात असल्यामुळे वेष्टनावर त्याचे नाव ‘टोरी क्राइम्स’ असे खोडसाळपणे छापले गेले. त्यानंतरच्या, अर्थात तुमच्या त्या पाचही गाण्यांवर टॉपर हेडन आहे. चाइम्सचा हात सरळ आणि कणखर आहे. त्याला कच्चा म्हणणे ही तुमच्या भाच्याची घाई झाली, कारण त्या गाण्यांना त्याहून वेगळे काही लागतच नाही. पण हेडन हा मुळात सोल आणि जॅझ ऐकून वाढलेला वादक होता, आणि ठेका न सोडता त्याच्या आत जागा कशी करायची हे त्याला ठाऊक होते. ‘व्हाइट मॅन’मध्ये जमैकाच्या रेगे संगीताची ती डुलती चाल आणि रॉकचा जोर एकत्र नांदतात ते त्याच्यामुळे. तुम्हाला आवडणारे ड्रम्स त्याचे आहेत, आणि ‘लंडन कॉलिंग’वरचे ड्रम्सही त्याचेच आहेत. तेव्हा मामा, क्षमा करा, पण इतके दिवस तुम्ही नकळत भाच्याचीच बाजू मांडत आला आहात.

आता ती पाच गाणी बाजूला ठेवून मूळ ब्रिटिश तबकडीकडे पाहू, कारण तिचा मान कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये तीन आठवडे, दर आठवड्याच्या अखेरच्या दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली, आणि त्या घाईचा फायदा प्रत्येक गाण्यात ऐकू येतो. कुठेही शोभेसाठी थांबलेले नाही. ‘करिअर ऑपर्च्युनिटीज’ हे गाणे दोन मिनिटांचेही नाही. गिटारवादक मिक जोन्स एका सरकारी कचेरीत टपाल उघडण्याचे काम करत असे, आणि तो काळ लंडनमध्ये पाकिटातून येणाऱ्या बाँबचा होता. तेव्हा ते काम कनिष्ठावर ढकलले जाण्यामागचे कारण उघड होते. असल्या नोकऱ्या आम्हाला संधी म्हणून दाखवू नका, एवढेच ते गाणे सांगते. वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या फाटकांवर ‘जागा नाही’ असे पत्रे टांगलेले ज्यांनी पाहिले आहेत, आयटीआयचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जी मुले एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर जात, त्यांना या गाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता. आणि याच तबकडीवर ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ आहे. ज्युनिअर मर्विनचे ते जमैकन गाणे या मंडळींनी सहा मिनिटे आपल्या पद्धतीने वाजवले. दोन-दोन मिनिटांच्या धडाक्यात ते अचानक येते, वेग उतरतो, आणि हा बँड एका जागी थांबणारा नाही याची पहिली खूण तिथे पटते.

ती खूण पुढे जिथे फळाला आली तो ‘लंडन कॉलिंग’. मधला १९७८ चा ‘गिव्ह एम इनफ रोप’ मी दोन वाक्यांत संपवतो : पहिले गाणे ‘सेफ युरोपियन होम’ अप्रतिम, आणि ‘स्टे फ्री’ हे मिक जोन्सने शाळेतल्या मित्रावर लिहिलेले गाणे मनात राहणारे. बाकी सँडी पर्लमन या अमेरिकन निर्मात्याने सगळ्याला इतकी इस्त्री केली की कापड कुठल्या पोताचे होते तेच कळेनासे झाले.

१९७९ च्या उन्हाळ्यात बँडकडे व्यवस्थापक नव्हता, नवी गाणी सुचत नव्हती आणि खिसे रिकामे होते. लंडनच्या पिम्लिको भागात मोटारी दुरुस्त करण्याच्या एका जागेच्या मागे खोली घेऊन त्यांनी रोज तालीम सुरू केली, आणि तिथे आवडीची जुनी गाणी वाजवता वाजवता नवी गाणी येऊ लागली. ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी गाय स्टीव्हन्स या माणसाला बोलावले. वादक वाजवत असताना तो खुर्च्या भिरकावत असे, शिड्या फिरवत असे. हा चक्रमपणा मला एरवी कौतुकाचा वाटला नसता, पण चुकलेली जागा पुन्हा मुद्रित करण्यापेक्षा अंगात आलेला क्षण पकडावा ही त्याची समज या अल्बमात नेमकी लागू पडली. दोन तबकड्या, एकोणीस गाणी, पासष्ट मिनिटे. आणि एवढा ऐवज एका तबकडीच्या किमतीला, म्हणजे सुमारे पाच पौंडांना विकला जावा असा बँडने आग्रह धरला. तो आग्रह कंपनीच्या गळी कसा उतरवला याची कहाणी मोठी गमतीची आहे : एका तबकडीसोबत एक बारा इंची सुटी तबकडी फुकट द्यावी एवढेच त्यांनी आधी मागून घेतले आणि मग तिच्यावर नऊ गाणी भरली.

मी हा अल्बम प्रथम ऐकला तो तुमच्यासारखाच, कॅसेटवर. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एक गृहस्थ कॅसेट भरून देत असत. त्यांच्याकडे नव्वद मिनिटांच्या कॅसेट संपल्या होत्या म्हणून त्यांनी साठची वापरली. पहिल्या तबकडीच्या दोन बाजू मिळून साडेतेहतीस मिनिटांच्या भरतात, आणि कॅसेटची एक बाजू असते तिसाची. त्यामुळे ‘क्लॅम्पडाउन’ संपून ‘गन्स ऑफ ब्रिक्स्टन’चे बेस गिटार सुरू व्हायचे, त्याचे पहिले दोन-तीन फेरे जेमतेम ऐकू यायचे आणि खट्‌ आवाज करून बटण वर यायचे. बँडचा बेसवादक पॉल सिमनन याने लिहिलेले आणि गायलेले हे गाणे मी पूर्ण ऐकले ते चार वर्षांनंतर. तोवर ते बेस गिटार माझ्या डोक्यात इतके वाजले होते की पुढे आवाज सुरू झाला तेव्हा मी दचकलो. ही हकीकत सांगण्याचे कारण असे की पहिल्या अल्बमातील एखादे गाणे गळले असते तर मला पत्ताही लागला नसता, पण इथे मात्र गळती जाणवत होती. मैफलीत विलंबितानंतर काय यावे आणि नाट्यपद कुठे ठेवावे याचा जसा विचार असतो, तसा या चार बाजूंमागे आहे. शीर्षकगीताच्या धोक्याच्या भोंग्यानंतर लगेच ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ हे पन्नासच्या दशकातले रॉक अँड रोल, मग सुस्तावलेले ‘जिमी जॅझ’. एका बाजूला स्पेनच्या यादवीवरचे गाणे आणि त्याच बाजूला दुकानाच्या फळ्यांमध्ये हरवलेल्या मुलाचे ‘लॉस्ट इन द सुपरमार्केट’. चौथ्या बाजूवरील ‘लव्हर्स रॉक’ मला कधीच आवडले नाही आणि ते नसते तरी चालले असते. पण एकोणिसांपैकी एकच गाणे वगळावेसे वाटणे, हे दोन तबकड्यांच्या अल्बमाबाबत फार झाले.

शीर्षकगीताबद्दल थोडे विषयांतर करतो. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी परदेशी श्रोत्यांना ज्या शब्दांनी साद घालत असे, तेच शब्द या गाण्याचे नाव झाले. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीचा अपघात झाला होता, आणि थेम्सला पूर आला तर लंडनचा मधला भाग बुडेल या भीतीने नदीवर बांधायचा बांध तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता. बँडचा गायक जो स्ट्रमर नदीजवळच राहत होता आणि गाण्यात तो तसे सांगतोही. २६ जुलै २००५ च्या रात्री आमच्या इमारतीतील तळमजल्याची माणसे तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली होती, खाडीला भरती किती वाजता आहे हे जो तो एकमेकांना विचारत होता, आणि त्या अंधारात मला आठवले ते हे गाणे. त्या आधी मी ते निव्वळ जोरकस गाणे म्हणून ऐकत होतो.

तुमचा पुढचा आक्षेप मला दिसतो आहे : एवढे रेगे, जॅझ, रॉक अँड रोल भरले तर तो अल्बम पंक कसा? तुमचा प्रश्न ‘सर्वांत पंक अल्बम कोणता’ असा असता, तर मी १९७७ च्या ब्रिटिश तबकडीकडे बोट दाखवले असते आणि पत्र तिथेच संपले असते. तुम्ही विचारले आहे सर्वोत्तम कोणता, आणि माझा कौल ‘लंडन कॉलिंग’ला आहे. भाच्याला मात्र एक गोष्ट माझ्या वतीने सांगा. गाणी उलटसुलट क्रमाने लावून हा अल्बम ऐकत असशील तर तू तो अजून ऐकलेला नाहीस.

प्रश्न : माझ्या मुलाने ‘लंडन कॉलिंग’ची जुनी ब्रिटिश तबकडी एका ओळखीच्या गृहस्थांकडून विकत घेतली. वेष्टनावर अठराच गाणी छापलेली आहेत, पण वाजवल्यावर एकोणीस ऐकू येतात. ही नक्कल तर नसेल?
— एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई

उत्तर : उलट, ही चांगली खूण समजा. शेवटचे गाणे ‘ट्रेन इन व्हेन’ एका संगीत साप्ताहिकासोबत भेट म्हणून द्यायचे ठरले होते. तो बेत फिसकटला तेव्हा गाणे अल्बमात घ्यायचे ठरले, पण तोवर वेष्टने छापून झाली होती. चौथ्या बाजूवर शेवटचे गाणे संपते तिथून मधल्या कागदी चकतीपर्यंत जो मोकळा गुळगुळीत पट्टा असतो, तो दिव्याखाली तिरका धरून पाहा. तिथे या गाण्याचे नाव कोरलेले दिसले पाहिजे. पुढील मुद्रणांच्या वेष्टनांवर एकोणिसावे नाव आले. बेस गिटार जमिनीवर आपटणारा सिमनन वेष्टनावरच्या ज्या छायाचित्रात आहे, ते पेनी स्मिथ यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात काढले आहे. ते किंचित अस्पष्ट आहे, आणि त्याच कारणाने ते वापरू नये असे खुद्द त्यांचे मत होते. तेव्हा चित्र धूसर दिसले म्हणूनही विक्रेत्याशी भांडू नये.

प्रश्न : ‘सँडिनिस्टा!’ या अल्बमात तीन तबकड्या आणि छत्तीस गाणी आहेत. मी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनही वेळा अर्ध्यावर सोडले. माझ्यात काही कमी आहे का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : कमी तुमच्यात नाही, जास्त त्यांच्यात आहे. डिसेंबर १९८० चा हा अल्बम जवळजवळ अडीच तासांचा आहे, आणि तो स्वस्तात विकता यावा म्हणून बँडने पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडले होते. त्या उदारपणाबद्दल आदर ठेवूनही मी म्हणेन की सहाव्या बाजूचा बराच भाग उपऱ्यासारखा आहे. न्यूयॉर्क, किंग्स्टन, लंडन अशा ठिकठिकाणी मुद्रित झालेल्या या पसाऱ्यातून प्रत्येक श्रोता आपली एक तबकडी निवडतो. माझ्या तबकडीवर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ पहिले असते. सकाळी सातच्या गजराने उठून कामावर निघालेल्या माणसाचे ते गाणे गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून ऐकावे. पाय आपोआप ठेका धरतात आणि शेजारचा वैतागतो. त्यानंतर ‘समबडी गॉट मर्डर्ड’, ‘पोलीस ऑन माय बॅक’, ‘वॉशिंग्टन बुलेट्स’ आणि ‘द कॉल अप’. आपण घोडबंदर रस्त्यावर राहता, तेव्हा ‘अप इन हेवन’ही घ्या. उंच इमारतींतील बंद पडणाऱ्या लिफ्ट आणि पातळ भिंती हा त्याचा विषय आहे, आणि तो लिहिणारा मिक जोन्स आजीबरोबर अठराव्या मजल्यावर राहिलेला होता.

प्रश्न : ‘स्लमडॉग मिलेनिअर’मधील ‘पेपर प्लेन्स’ची सुरावट ‘द क्लॅश’ची आहे असे ऐकले. ती कोणत्या अल्बमातली? तो अल्बम आणि नंतरचा ‘कट द क्रॅप’ यांना या स्पर्धेत कोणी का धरत नाही?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ती सुरावट १९८२ च्या ‘कॉम्बॅट रॉक’मधील ‘स्ट्रेट टू हेल’ची. एम. आय. ए. या गायिकेने ती २००७ मध्ये आपल्या गाण्यासाठी घेतली, आणि पुढच्याच वर्षी ती त्या चित्रपटातून मुंबईच्या रुळांवर आली. मूळ गाणे मात्र फार खिन्न आहे. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांच्या गावांपासून अमेरिकन सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे ठेवलेल्या मुलांपर्यंत, कोणालाच नको असलेल्या माणसांचे ते गाणे आहे. ‘द क्लॅश’ने याहून चांगले गाणे केले असे मला वाटत नाही. तरीही ‘कॉम्बॅट रॉक’ला मी पहिला क्रमांक देणार नाही, कारण त्याची दुसरी बाजू पहिलीच्या जवळपासही येत नाही. १९८५ चा ‘कट द क्रॅप’ मिक जोन्स आणि हेडन यांच्याविना झाला. त्यातील ‘धिस इज इंग्लंड’ ऐकावे आणि पुढे जावे.

‘कॉम्बॅट रॉक’ने बँडला अमेरिकेत खरे यश दिले, तिथे तो सातव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातले तिथे सर्वाधिक गाजलेले ‘रॉक द कॅस्बा’ हे टॉपर हेडनने रचले. ड्रम्स, पियानो आणि बेस ही तिन्ही वाद्ये त्यावर त्यानेच वाजवली आहेत. पण अल्बम बाजारात आला त्याच महिन्यात हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला बँडमधून काढण्यात आले आणि दौऱ्यासाठी जुन्या टेरी चाइम्सला परत बोलावले गेले. पाचपाखाडीच्या मामांनी भाच्याच्या मोबाइलवर या गाण्याची चित्रफीत जरूर पाहावी : ड्रम्सच्या मागे दिसतो तो चाइम्स, आणि ऐकू येतो तो हेडन.